लेझर कशाला, कुठे आणि किती : पुरुषांच्या मूत्रविकारांवरील लेझर शस्त्रक्रियेचा आढावा

पुरुषांच्या मूत्रविकारांत लेझर मुख्यतः चार कामांसाठी वापरला जातो : वाढलेली प्रोस्टेट काढायला, मुतखडा फोडायला, आकसलेला मूत्रमार्ग मोकळा करायला आणि मूत्राशयातली गाठ काढायला. यांपैकी कोणत्याही कामात किरण शरीराबाहेरून सोडले जात नाहीत. लघवीच्याच वाटेने दुर्बीण आत जाते, दुर्बिणीतून केसाएवढा बारीक काचतंतू जातो आणि त्याचे टोक ऊतीपाशी किंवा खड्यापाशी नेऊन टेकवावे लागते. म्हणून ‘टाका नाही’ ही जाहिरात खरी असते. ‘ऑपरेशन नाही’ ही मात्र खरी नसते. बहुतेक वेळा कमरेतून किंवा पूर्ण भूल द्यावी लागते, रक्ताच्या आणि हृदयाच्या तपासण्या होतात, लघवीत जंतू असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा लागतो.

लेझर हे एका यंत्राचे नाव नाही. थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला, त्यानंतर वेगवेगळ्या पदार्थांपासून वेगवेगळ्या तरंगलांबीचे किरण मिळत गेले, आणि शरीरात कोणता किरण काय करणार हे त्या तरंगलांबीवरच ठरते. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग किरण ऊतीत खोल शिरतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रोस्टेटवर तो वापरला गेला, तेव्हा रक्त कमी गेले, पण शिजलेली ऊती पुढे कित्येक आठवडे झडत राहिली. रुग्णाला जळजळ आणि लघवीसाठी आत घातलेली नळी दोन्ही सोसावी लागली, आणि लेझरची पहिली लाट बरीचशी तिथेच ओसरली. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेते, त्यामुळे तो रक्ताळ ऊतीची वाफ करतो. सुमारे २१०० नॅनोमीटरचा होल्मियम किरण पाणी शोषून घेते. तो अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी खोल जातो, म्हणून टोकापाशी कापतो आणि पलीकडच्या भागाला धक्का लावत नाही. १९४० नॅनोमीटरचा थुलियम फायबर लेझर त्याच जातीचा, पाण्यात आणखी जास्त शोषला जाणारा. मोठ्या शक्तीच्या होल्मियम यंत्राला वेगळी वीजजोडणी आणि थंड ठेवण्याची व्यवस्था लागते, तर थुलियम फायबरचे यंत्र साध्या प्लगवर चालते. महानगराबाहेरच्या रुग्णालयांच्या दृष्टीने हा फरक कागदावरच्या तरंगलांबीपेक्षा मोठा ठरू शकतो.

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीला वेढून बसलेली असते. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम. पन्नाशीनंतर नळीलगतचा आतला भाग हळूहळू वाढू लागतो. साठीतल्या निम्म्या आणि ऐंशीच्या पुढच्या बहुतेक पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ती कर्करोगाची नसते. धार बारीक होणे, सुरू व्हायला वेळ लागणे, लघवी करून आल्यावरही उरल्यासारखे वाटणे, रात्री तीन-चारदा उठणे ही तिची लक्षणे. घरोघरी याला ‘वयोमान’ म्हणून सोडून दिले जाते, आणि मग एखाद्या रात्री लघवी पूर्ण अडते. त्या रात्रीचे निमित्त पुष्कळदा क्षुल्लक असते : सर्दीची गोळी, लांबचा प्रवास, लग्नातली दारू. सर्दीच्या काही औषधांनी मूत्राशयाचे तोंड आवळले जाते किंवा मूत्राशयाचे आकुंचन मंदावते, आणि आधीच अरुंद झालेली वाट बंद होते.

सोनोग्राफीच्या कागदावर ‘प्रोस्टेट ६० ग्रॅम’ असे आले की घर हादरते. पण नुसता आकार हे शस्त्रक्रियेचे कारण नाही. ४० ग्रॅमची ग्रंथी लघवी अडवू शकते आणि ९० ग्रॅमचीही काही जणांना फारशी जाणवत नाही. त्रास मोजायला सात प्रश्नांची एक आंतरराष्ट्रीय तालिका आहे : ७ गुणांपर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. धारेचा वेग यंत्राने मोजता येतो. तो सेकंदाला १० मिलिलिटरच्या खाली असेल तर अडथळ्याचा संशय बळावतो. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरले हे सोनोग्राफी सांगते. एक गोष्ट मात्र या साध्या तपासण्यांतून नेहमी उलगडत नाही : धार बारीक आहे ती वाट अरुंद म्हणून, की मूत्राशयाचा स्नायूच थकला म्हणून? दीर्घकाळच्या मधुमेहात दुसरे कारण असू शकते, आणि तिथे वाट कितीही रुंद केली तरी धार फारशी सुधारत नाही. अशा रुग्णाची दाबमापन तपासणी आधी झालेली बरी.

पहिला उपाय बहुधा गोळ्यांचा. टॅमसुलोसिनसारख्या औषधाने मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल होतो आणि काही दिवसांत फरक कळतो. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ग्रंथीचा आकार साधारण चतुर्थांशाने घटवतात, पण त्याला सहा महिने लागतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक पुरुषांवरील अमेरिकी अभ्यासात दोन्ही प्रकारची औषधे एकत्र देण्याने आजार वाढण्याचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी झाला. शस्त्रक्रियेची वेळ येते ती लघवी पुन्हा पुन्हा अडली, संसर्ग वारंवार झाला, मूत्राशयात खडे साचले, रक्त येत राहिले, मूत्रपिंडे फुगू लागली किंवा औषधांनी भागेनासे झाले तेव्हा.

भारतीय वैद्यकीय सेवेत सुमारे दोन दशके काढून परतलेले आयरिश शल्यविशारद पीटर फ्रेयर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये ओटीपोटातून मूत्राशय उघडून, बोटाने प्रोस्टेटचा वाढलेला गाभा सबंध सोडवून काढण्याची पद्धत रूढ केली. गाभा पूर्ण निघे, पण रक्त पुष्कळ जाई. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत दुर्बिणीतून विजेच्या तारेने प्रोस्टेट आतून तासण्याची पद्धत स्थिरावली, हीच ‘टीयूआरपी’. पोट उघडायचे टळले, पण ग्रंथी तुकड्यातुकड्यांनी खरवडली जाऊ लागली. १९९० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या तौरंगा गावी पीटर गिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होल्मियम लेझरने गाभा कवचापासून सोडवायला सुरुवात केली. तो मूत्राशयात ढकलायचा आणि तिथे यंत्राने बारीक करून बाहेर ओढायचा, ही ‘होलेप’. म्हणजे लेझरने आणलेली खरी क्रांती किरणाची कमी आणि विचाराची जास्त : फ्रेयर यांच्या बोटाचे काम लेझरचे टोक करू लागले.

नागपूर भागातल्या वाचकाला हा फरक संत्र्यावरून लगेच कळेल. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते. अंगठा आत घातला की फोडींचा गोळा सालीपासून अलगद वेगळा होतो. होलेपमध्ये हेच घडते. टीयूआरपी म्हणजे त्याच संत्र्याला वरून भोक पाडून चमच्याने आतला गर खरवडणे; सालीला थोडा गर चिकटून राहतोच, आणि ग्रंथी मोठी असेल तर खूप राहतो. हिरव्या लेझरने गर जागच्या जागी वाफ होऊन जातो. साल मात्र तिन्ही प्रकारांत आतच राहते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण प्रोस्टेटचा कर्करोग बहुतांशी त्या बाहेरच्या भागातच उगवतो. ‘आपली प्रोस्टेट काढून टाकली’ असे समजून पुढची पीएसए ही कर्करोगाचा माग घेणारी रक्ततपासणी सोडून देणारे रुग्ण त्यामुळे चुकतात.

लेझरचे निश्चित फायदे दोन. पहिला, रक्तस्राव कमी. हृदयविकारामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी हा मोठा दिलासा, आणि हिरव्या लेझरचा मुख्य उपयोगही तिथेच. दुसरा, आत सोडले जाणारे पाणी. जुन्या पद्धतीच्या टीयूआरपीत वीज चालावी म्हणून क्षाररहित द्रव वापरावा लागे. शस्त्रक्रिया लांबली की तो उघड्या शिरांतून रक्तात मुरून सोडियम खाली जाई. रुग्ण बरळे, क्वचित बेशुद्ध होई. लेझर साध्या सलाइनमध्ये चालतो, त्यामुळे हा धोका जवळजवळ उरत नाही. अर्थात आता नव्या प्रकारची, दोन्ही ध्रुव एकाच तारेवर असलेली टीयूआरपीही सलाइनमध्येच होते, आणि लेझरचा हा दुसरा फायदा सांगताना ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

बाकीच्या बाबतींत हिशेब तितका एकतर्फी नाही. १८० वॅटच्या हिरव्या लेझरची टीयूआरपीशी तुलना करणाऱ्या, नऊ युरोपीय देशांत २८१ रुग्णांवर झालेल्या ‘गोलायथ’ चाचणीत सहा महिन्यांनंतरचा आराम दोन्हीकडे तुल्य होता. ब्रिटनमधल्या सात रुग्णालयांत ४१० पुरुषांवर झालेल्या आणि २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत थुलियम लेझरने प्रोस्टेट वाफेत उडवणे आणि टीयूआरपी यांत लक्षणांचा आराम सारखाच निघाला, धारेचा वेग तर टीयूआरपीनंतर जास्त सुधारला. रक्त द्यावे लागण्याच्या प्रमाणातही फारसा फरक दिसला नाही. मध्यम आकाराच्या ग्रंथीसाठी चांगल्या हातची टीयूआरपी आजही कमअस्सल नाही. ८० ग्रॅमच्या पुढे मात्र होलेपचे पारडे स्पष्टपणे जड होते : तिथे दुसरा पर्याय पोट उघडण्याचा असतो, आणि होलेपनंतर बऱ्याच रुग्णांची नळी एका दिवसात निघते.

पण होलेप शिकायला कठीण. साल आणि गर यांच्यामधली पातळी सापडणे, ती न सोडता फिरत राहणे, खाली लघवी रोखणाऱ्या स्नायूला धक्का न लावणे, आणि शेवटी बारीक करणाऱ्या यंत्राने मूत्राशयाची भिंत न ओढणे. हे हातात बसायला साधारण ४०-५० शस्त्रक्रिया लागतात असे मानले जाते. लेझर यंत्र रुग्णालयात आले म्हणून हे कौशल्य आपोआप येत नाही. काही रुग्णांना होलेपनंतर काही आठवडे ते महिने खोकताना-उठताना लघवी सुटते. बहुतेकांची ती थांबते. वाफ करणाऱ्या पद्धतीत तपासायला ऊती हाती लागत नाही, होलेपमध्ये सबंध गाभा मिळतो. त्यामुळे पीएसए वाढलेला असेल तर ऊती हाती देणारी पद्धत बरी. पीएसए वाचतानाही सावधपणा लागतो. फिनास्टेराइड-ड्युटास्टेराइडने तो साधारण निम्मा होतो, तर लघवी अडल्यानंतर किंवा संसर्गात तो फुगलेला दिसतो.

एक प्रश्न रुग्ण डॉक्टरला विचारत नाही, डॉक्टर स्वतःहून सांगत नाही, आणि नंतर घरात गैरसमज होतो. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर, मग ती तारेची असो की लेझरची, बहुसंख्य पुरुषांत संभोगाच्या वेळी वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जाते. यात ताठरतेला सहसा बाधा येत नाही, आनंदही जात नाही. पण मूल हवे असणाऱ्याला ही गोष्ट आधी कळायलाच हवी. ‘लेझर असल्यामुळे तसे होणार नाही’ हे आश्वासन होलेपच्या बाबतीत खोटे ठरते.

आकसलेल्या मूत्रमार्गाच्या बाबतीत लेझरची बाजू सर्वांत लंगडी आहे. पडून किंवा अपघातात मार बसणे, ओटीचे हाड मोडणे, जुना संसर्ग, चुकीच्या तऱ्हेने घातलेली नळी यांमुळे मूत्रमार्गात व्रण धरतो आणि वाट आवळते. दुर्बिणीतून तो व्रण कापता येतो, सुरीने किंवा लेझरने. आकुंचन एकच आणि सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे असेल तर पहिल्या वेळी हे करून पाहणे योग्य. पुन्हा आवळले की पुन्हा कापायचे, हे चक्र मात्र व्रण वाढवत नेते, आणि सुरीऐवजी लेझर घेतल्याने ते चक्र मोडते असे दिसलेले नाही. टिकाऊ उपाय म्हणजे मूत्रमार्गाची पुनर्रचना. या कामात महाराष्ट्राचे नाव जगात घेतले जाते : पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी संपूर्ण मूत्रमार्ग आवळलेल्या रुग्णांसाठी, एकाच बाजूने मूत्रमार्ग मोकळा करून गालाच्या आतल्या त्वचेचे कलम बसवण्याची रीत विकसित केली, आणि ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. यात लेझर कुठेच नाही. आहे तो गाल, आणि विदर्भात नेमकी इथे अडचण येते. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षे दाबून गालाचे अस्तर पांढरे, कडक आणि तोंड उघडेनासे झाले असेल, तर कलमासाठी ती त्वचा कामाची राहत नाही. मग जिभेखालून किंवा दुसरीकडून ऊती शोधावी लागते.

तंबाखूचा दुसरा वाटा मूत्राशयाच्या कर्करोगात. तंबाखूच्या धुरातली आणि काही रंग-रसायनांतली द्रव्ये लघवीतूनच बाहेर पडतात आणि मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. न दुखता लघवीतून रक्त येणे ही याची खूण. ते एकदा येऊन थांबले तरी दुर्बिणीने मूत्राशय पाहिलाच पाहिजे. गाठ लहान असेल तर ती लेझरने मुळासकट एका तुकड्यात काढता येते. विजेची तार वापरताना मूत्राशयाच्या बाजूने जाणाऱ्या मज्जातंतूला झटका बसून मांडी एकदम उडते आणि भिंतीला भोक पडण्याची भीती असते. लेझरमध्ये वीज ऊतीतून वाहत नसल्याने ती टळते.

आता मुतखडा. लेझरचा सर्वांत निर्विवाद उपयोग इथे आहे, आणि बुटीबोरीसारख्या ठिकाणी त्याचे गिऱ्हाईकही ठरलेले आहे. नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर, जिथे वर्ध्याकडचा आणि हैदराबादकडचा रस्ता वेगळा होतो, तिथे ही मोठी औद्योगिक वसाहत पसरली आहे. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ४५ अंश तर दर उन्हाळ्यातले. त्यात भट्टीपाशी आठ तासांची पाळी, किंवा ट्रकच्या केबिनमध्ये दिवसभर बसून ‘गाडी थांबवावी लागू नये’ म्हणून पाणीच न पिण्याची सवय. घामातून पाणी जाते, लघवी दाट होते आणि तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक जमू लागतात. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी पोटात जाणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय. भट्टीपाशी काम करणाऱ्याला त्यासाठी चार-पाच लिटर किंवा अधिकही प्यावे लागते, आणि तितक्या वेळा उठून जाण्याची मुभाही लागते.

पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. त्याहून मोठा खडा मूत्रवाहिनीत अडकला तर दुर्बीण वर नेऊन लेझरने फोडतात. मूत्रपिंडातला दोन सेंटिमीटरपर्यंतचा खडा लवचीक दुर्बिणीने तिथवर पोचून फोडता येतो. त्याहून मोठ्यासाठी पाठीतून छिद्र करून जाणे अधिक खात्रीचे. १९८० मध्ये म्युनिकला सुरू झालेली, बाहेरून ध्वनिलहरींनी खडा फोडण्याची पद्धत काही खड्यांसाठी अजूनही योग्य आहे, पण कडक खड्यापुढे ती हरते. होल्मियम मात्र कसलाही खडा फोडतो. थुलियम फायबरने खड्याचे तुकड्यांऐवजी पीठ होते आणि ते लघवीवाटे निघून जाते. धोके दोन : किरणाने आतले पाणी तापते, म्हणून थंड सलाइन सतत वाहते ठेवावे लागते, आणि जंतू असलेल्या खड्यावर दाबाने पाणी मारले की ते जंतू रक्तात शिरतात. लघवीचे कल्चर न पाहता घाईने केलेला लेझर जिवावर बेतू शकतो.

बुटीबोरीचा रुग्ण उपचारासाठी सहसा नागपूरकडे जातो. वाटेत मिहानमध्ये एम्स आहे, तिचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले; शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे; वर्ध्याच्या बाजूला सेवाग्राम आणि सावंगी ही दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार कर्मचारी राज्य विम्यात येतो. मुतखडा नोकरीच्या वयात होतो, प्रोस्टेट मात्र बहुधा निवृत्तीनंतर त्रास देते. किमान पाच वर्षे विमा भरून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातल्या सर्व रहिवाशांसाठी खुली झाली आणि तिची मर्यादा कुटुंबामागे पाच लाखांवर गेली. उत्तर प्रदेश, बिहार किंवा मध्य प्रदेशातून आलेल्या मजुराला, तो पात्र असल्यास, आयुष्मान भारतचे आपल्या गावचे कार्ड इथल्या नोंदणीकृत रुग्णालयात वापरता येते. योजना कोणतीही असो, तिच्या यादीत शस्त्रक्रियेचे नाव पाहायचे. ‘लेझर’ हा शब्द तिथे असेलच असे नाही.

खडा फोडल्यावर मूत्रवाहिनी सुजून बंद होऊ नये म्हणून मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत दोन्ही टोकांना वळलेली एक मऊ नळी आत ठेवतात, तिला डीजे स्टेंट म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही. पहिले काही दिवस जळजळ होते, लघवीला घाई लागते, कमरेत कळ येते. मग सवय होते, आणि सवय झाली की विसर पडतो. बहुतेक वेळा ती काही आठवड्यांतच काढायची असते; तीन-चार महिन्यांपलीकडे राहिली तर तिच्यावरच खडे चढू लागतात आणि वर्ष उलटले की काढायला पुन्हा लेझर, कधी पाठीतले छिद्र, क्वचित मूत्रपिंडच गमवावे लागते. कंत्राट संपून गावी गेलेला मजूर आणि फोन नंबर बदललेला ट्रकचालक यांच्या बाबतीत हे सहज घडते. म्हणून स्टेंट घालतानाच काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरांत, रुग्णाला वाचता येईल त्या भाषेत लिहायला हवी. रुग्ण बाहेरगावचा असेल तर काही डॉक्टर नळीला बारीक दोरा ठेवतात. त्याचे टोक लघवीच्या वाटेने बाहेर येते आणि आठवड्याभरात कुठल्याही दवाखान्यात, दुर्बिणीवाचून, नळी ओढून काढता येते.